फायबरचा घुमट बसवायच्या आधी एवढं वाचून घ्या

मशिदीचं काम निघालं की जमातीत पहिला वाद हाच, घुमट आरसीसीचा करायचा की फायबरचा (म्हणजे काचधागे आणि रेझिन नावाचं चिकट प्लॅस्टिक यांचा), आणि फायबर म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, प्लॅस्टिकचं ते, टिकणार किती?

आधी वजन बघा. 20 फूट व्यासाचा अर्धगोल घुमट 4 इंची आरसीसीत केला तर नुसतं काँक्रीटच 14-15 टन भरतं, तोच 6 मिलिमीटर फायबरमध्ये केला तर कवच 600 किलोच्या आसपास आणि आतली लोखंडी फ्रेम धरली तरी साधारण दीड टनात काम होतं. शिवाय जड घुमट नुसता खाली दाबत नाही, कडेने बाहेरही ढकलतो. विजापूरचा गोल घुमट बघा, 1656 चं बांधकाम, बाहेरून 44 मीटर व्यास, आणि तो पेलायला भिंती 3 मीटर जाड आहेत. तुमच्या जुन्या स्लॅबखाली असलं काही नसतं, त्यामुळे फायबर असला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

आता जे कोटेशनमध्ये सहसा कुणी विचारत नाही ते. हलका घुमट वाऱ्याने वर उचलला जातो! मुंबईसाठी आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय म्हणजे तासाला जवळपास 160 किलोमीटर, मग खरी मदार राहते ती घुमट स्लॅबला जखडणाऱ्या अँकर बोल्टवर, ते किती, कुठल्या साइजचे आणि स्लॅबमध्ये किती खोल जाणार हे ड्रॉइंगवर लिहून घ्या, आमच्याकडून घ्या नाहीतर दुसऱ्या कुणाकडून. कोकणात खाऱ्या हवेमुळे फ्रेम गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेली) हवी, नुसत्या रेड ऑक्साइड रंगावर भागत नाही.

बनवताना साच्यात आधी जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा रंगीत गुळगुळीत थर, मारतात, मग काचधाग्याची मॅट आणि रेझिन थरावर थर, प्रत्येक थरातली हवा रोलरने काढायची, ती राहिली की पुढे तिथेच फुगा येतो. मोठा घुमट पाकळ्यांमध्ये येतो, वर नेऊन आतून नटबोल्टने जोडतात, बाहेरचे सांधे सीलंटने बंद करतात. ऊन लागून रंग फिका पडतोच, त्यासाठी यूव्हीवाला (उन्हाला टिकणारा) जेलकोट घ्या आणि काही वर्षांनी पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारायची तयारी ठेवा. पावसात आत ढोलासारखा आवाज नको असेल तर आतून फोम मारून घ्या. साधं फायबर पेटतं म्हणून फायर रिटार्डंट, म्हणजे आग लवकर न धरणारं, रेझिनच वापरायचं. वीज फायबरमधून जमिनीत जात नाही, घुमटाच्या टोकावरच्या चांदापासून खालच्या अर्थिंगपर्यंत तांब्याची पट्टी सोडावीच लागते.

जुनी दगडी किंवा चुन्यातली मशीद असेल आणि मूळ घुमट उभा असेल तर कृपा करून तो पाडून फायबर बसवू नका, चुन्याच्या कामातला जाणकार गवंडी शोधा. असं काम आम्ही घेतच नाही.

चौकशीला येताना स्लॅबचं जुनं ड्रॉइंग आणि छताचे चारी बाजूंचे फोटो घेऊन या, ड्रॉइंग नसलं तर आमचा माणूस येऊन माप घेईल.