इंधनाचे उष्मांकमूल्य

एक किलो किंवा, वायू असल्यास, एक घनमीटर इंधन पूर्ण जळताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढे त्याचे उष्मांकमूल्य. १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १ किलोकॅलरी लागते. विजेचे १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. स्वयंपाकाचा सिलिंडरमधला गॅस किलोला सुमारे ११,००० किलोकॅलरी देतो, उन्हात वाळवलेले लाकूड साडेतीन ते चार हजार.

घन व द्रव इंधने बाँब कॅलरीमापकात मोजतात. हे उपकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांनी रूढ केले. जाड पोलादी भांड्यात सुमारे १ ग्रॅम नमुना ठेवून सुमारे ३० वातावरण दाबाने ऑक्सिजन भरतात, विजेच्या तारेने नमुना पेटवतात आणि भोवतीचे पाणी किती तापले ते पाहतात. उपकरणाची पारख बेंझॉइक आम्लाने होते. त्याच्या १ ग्रॅममधून २६.४ किलोजूल उष्णता निघते.

इंधनातल्या हायड्रोजनपासून जळताना पाणी तयार होते, ओलावा तर आधीच असतो. बंद भांड्यात त्याची वाफ पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता परत देते. मिळालेला आकडा म्हणजे ढोबळ मूल्य. चुलीतून वा चिमणीतून मात्र ती वाफ निघून जाते, म्हणून हाती येते ते निव्वळ मूल्य. नैसर्गिक वायूत दोहोंत सुमारे १० टक्के फरक पडतो. यातले कोणते हे न सांगता दिलेल्या आकड्यावर विसंबू नये.

कोळशाच्या व्यवहारात हा मुद्दा थेट पैशाचा होतो. भारतात २०१२ च्या आरंभापासून कोळशाची प्रतवारी ढोबळ उष्मांकमूल्यावर होते: जी-१ म्हणजे किलोला ७,००० किलोकॅलरींहून अधिक, पुढे ३०० च्या टप्प्यांनी उतरत जी-१७ पर्यंत. प्रत ठरवताना नमुना ४० अंश तापमान व ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिरावू देतात. पण चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्राच्या बाष्पकात (बॉयलरमध्ये) जातो तो पावसात भिजलेला, राखेने जड झालेला कोळसा. खाणीवरचा आणि केंद्रावरचा आकडा जुळत नाही, असे वाद त्यामुळेच होतात. त्रयस्थ संस्थेकडून नमुने तपासून घेण्याची पद्धत आली ती त्यातूनच.

इमारतीची ऊर्जा मोजतानाही तोच प्रश्न उभा राहतो: माप कुठे लावायचे? १५ लिटरची बादली २५ वरून ४५ अंशांपर्यंत तापवायला ३०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या हीटरवर हे पाऊण युनिटही नव्हे, जेमतेम ०.३५ युनिट. पण औष्णिक केंद्राला १ युनिट विजेसाठी सुमारे २,४०० किलोकॅलरींचा कोळसा जाळावा लागतो. म्हणजे वहनातली गळती सोडूनही त्या बादलीमागे ८४० किलोकॅलरी खर्च झाल्या. ६८ टक्के कार्यक्षमतेच्या शेगडीवर तेच काम सुमारे ४० ग्रॅम गॅसमध्ये, ४४० किलोकॅलरींत होते. मीटरपाशी मोजले तर हीटर काटकसरी ठरतो, खाणीपासून मोजले तर उधळ्या. इमारतींच्या तुलनेत हा दुसरा हिशेबही मांडायला हवा; नुसत्या वीजबिलावरून तो दिसत नाही.

थंडाव्याचे मापही उष्णतेचेच असते. एसीचा १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचे ब्रिटिश एकक), म्हणजे सुमारे ३,००० किलोकॅलरी, खोलीबाहेर काढण्याची क्षमता. भिंती-खिडक्यांतून उष्णता आतच कमी यावी यासाठी निवासी इमारतींकरिता २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ ही बांधकामाची नियमावली आली.

कार्यालयांसाठी केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो वर्षाची युनिटे भागिले बांधीव क्षेत्रफळ असा निर्देशांक काढून तारे देतो. मुंबईच्या दमट हवेतली इमारत आणि कोरड्या प्रदेशातली इमारत एका पट्टीने मोजत नाहीत. हवामान विभागागणिक मर्यादा वेगळ्या आहेत. रात्रंदिवस चालणाऱ्या कॉल सेंटरला दिवसपाळीच्या कचेरीचा निर्देशांक लावणे अन्यायाचे होते, म्हणून त्यांच्यासाठी दर चौरस मीटरमागे दर तासाचा वापर धरतात.