कार्लोस कार्दोझो आणि मोझांबिकच्या बँकेतले गायब पैसे: पार्श्वभूमी

मोझांबिकमधल्या करप्शनवर कुठेही काही वाचायला घ्या, कार्लोस कार्दोझो हे नाव येतंच, पण बरेचदा "२००० साली खून झालेला पत्रकार" एवढ्यावरच विषय संपतो. त्याला सरकारविरोधी म्हणून मोकळं होणारेही आहेत आणि ते मला अजिबात पटत नाही.

जन्म १९५१ चा, बैरा शहरातला, आईवडील पोर्तुगीज. जोहान्सबर्गला युनिव्हर्सिटीत असताना वर्णद्वेषी सरकारविरोधात उतरला म्हणून साऊथ आफ्रिकेने त्याला हाकललं. १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झालं, तिथले बहुतेक गोरे गाशा गुंडाळून गेले, हा मात्र राहिला, कारण देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल याच्या क्रांतीवर त्याचा मनापासून विश्वास होता. १९८० मध्ये तर तो सरकारी न्यूज एजन्सीचा प्रमुखच झाला, आणि तरी १९८२ मध्ये एका लेखावरून त्याच सरकारने त्याला काही दिवस तुरुंगात टाकलं. १९८६ ला माशेलचं विमान पडलं (त्यात माशेलचे जवळचे सल्लागार, आपल्या गोव्याचे आकिनो द ब्रागांझाही गेले), आणि कार्दोझो पुढे कित्येक वर्षं त्या अपघाताच्या मागे लागून होता.

१९९१ च्या प्रेस कायद्याने खाजगी पेपर काढता यायला लागले. हाताशी पैसा नाही, छापखाना नाही, मग १९९२ मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत को-ऑपरेटिव्ह काढून 'मीडियाफॅक्स' सुरू केलं, म्हणजे टाईप केलेली थोडी पानं वर्गणीदारांच्या फॅक्स मशीनवर जायची आणि तिथून झेरॉक्स होऊन ऑफिसाऑफिसात फिरायची. १९९७ ला तो तिथून बाहेर पडला आणि त्याच पद्धतीने 'मेटिकाल' (नाव तिथल्या चलनाचं) काढलं.

तोवर देश वर्ल्ड बँकेच्या अटींवर चालला होता. कच्च्या काजूवरची एक्सपोर्ट ड्युटी कमी करायला लावली, काजू भारतात यायला लागला आणि तिकडचे कारखाने बंद पडून हजारो कामगार घरी बसले, यावर त्याने सलग लिहिलं. सरकारी बँकाही विकायला काढल्या होत्या. त्यातली एक बीसीएम, म्हणजे मोझांबिकची कमर्शियल बँक. १९९६ ला तिचं खाजगीकरण व्हायच्या तोंडावर १४४ अब्ज मेटिकाल, म्हणजे साधारण १ कोटी ४० लाख डॉलर गायब झाले. पद्धत तशी साधी, राजधानी मापुटोच्या एका शाखेत खाती उघडायची, मागे पैसेच नसलेले चेक भरायचे आणि आतल्या मॅनेजरच्या मदतीने रक्कम लगेच काढून घ्यायची. केस वर्षानुवर्षं कोर्टात उभीच राहिली नाही, म्हणून कार्दोझो मॅनेजर विसेंते रामाया आणि ती खाती उघडणाऱ्या अब्दुल सतार कुटुंबाची नावं घेऊन लिहीत राहिला, सरकारी वकिलांनाही त्याने सोडलं नाही. ज्या राज्याला त्याने स्वतःचं मानलं होतं तेच लुटलं जातंय, हा त्याचा राग होता.

२२ नोव्हेंबर २००० ला संध्याकाळी ऑफिसमधून घरी जाताना मापुटोत गाडी अडवून त्याला गोळ्या घातल्या, ड्रायव्हर गंभीर जखमी झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका बुडीत बँकेची, ऑस्ट्रालची, वसुली करायला नेमलेले सिबा-सिबा माकुआकुआ यांना बँकेच्याच इमारतीत जिन्याच्या पोकळीत फेकून मारलं.

खटला २००२ च्या नोव्हेंबरात तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून चालला, रेडिओ-टीव्हीवर लाईव्ह. जानेवारी २००३ मध्ये रामाया आणि दोन सतार बंधूंसकट सहा जण दोषी ठरले. मारेकऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या आनिबालझिन्यो त्याआधीच तुरुंगातून पळाला होता, पुढे २००४ आणि २००८ लाही पळाला. कोर्टात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा न्यिंपिने शिसानो याचंही नाव घेतलं गेलं, त्याने आरोप नाकारले आणि २००७ मध्ये तो वारला, दोषी कधी ठरला नाही. त्याने 'मेटिकाल'वर बदनामीचा दावा लावला होता आणि २००१ संपता संपता पेपर बंद झाला.

नंतर २ अब्ज डॉलरच्या छुप्या कर्जांचा, म्हणजे संसदेपासून लपवून सरकारी हमीवर काढलेल्या कर्जांचा, खटला २०२१ मध्ये सुरू झाला, तोही तुरुंगाच्या आवारातल्या तंबूतच आणि लोकांनी तोही टीव्हीवर बघितला. यावेळी आरोपींत होता माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा न्दांबी गेबुझा, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली.