वक्तृत्व व नेतृत्व प्रशिक्षण (इंदूरचा मराठी समाज)

वक्तृत्व व नेतृत्व प्रशिक्षण : चारचौघांसमोर आपले म्हणणे मुद्देसूद मांडणे आणि चारचौघांना बरोबर घेऊन एखादे काम तडीस नेणे, या दोन गोष्टी मुलांना व तरुणांना सरावातून शिकवण्याची पद्धत. इंदुरातल्या मराठी घरांत ती मुख्यतः वक्तृत्व स्पर्धा, गणेशोत्सव, मंडळांचे कार्यक्रम आणि उन्हाळी शिबिरे यांच्या आधाराने चालते. स्पर्धांमुळे पहिल्या गोष्टीवर भर पडतो आणि दुसरी मागे राहते, ही तिच्यातली जुनी उणीव आहे.

मंदसौरच्या तहानंतर (1818) होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबांची वस्ती वाढली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे 1917, 1935 व 2001 अशा तीन वेळा भरले. ‘अभ्यास मंडळ’ या इथल्या संस्थेची वार्षिक व्याख्यानमाला शहराच्या परिचयाची आहे, पण तिचा व्यवहार प्रामुख्याने हिंदीतून चालतो. इंदुरातून 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून गेलेल्या सुमित्रा महाजन 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्षा होत्या. भाषण करणे आणि सभा चालवणे यांतला फरक मुलांना समजावताना हे उदाहरण हाताशी असते. अध्यक्षाला स्वतः फार बोलायचे नसते, इतरांना बोलू द्यायचे आणि वेळेत थांबवायचे असते.

आजची बहुतेक मराठी मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यामुळे इथले वक्तृत्व प्रशिक्षण निम्मे भाषेचेही असते. सर्वांत आधी ‘ळ’ घसरतो. ‘वेळ’चा ‘वेल’ आणि ‘गाळ’चा ‘गाल’ होतो, आणि ‘तो काळ’ म्हणायचे तिथे ‘तो काल’ ऐकू येतो. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च एकाच साच्यातून निघतात. हिंदीत दोनच लिंगे असल्याने ‘माझी पुस्तक’ सहज तोंडात येते. ‘ळ’वर उपाय म्हणजे सारख्या शब्दांच्या जोड्यांची रोजची पाच मिनिटे : वेल-वेळ, गाल-गाळ, मेल-मेळ, आधी सावकाश, मग वाक्यात. भाषणाच्या मध्येच थांबवून उच्चार सुधारू नये. मूल गोंधळते आणि मुद्दाही विसरते. ‘करून राहिलो’ हा इंदुरी वळणाचा प्रयोग घरातल्या प्रसंगात, संवादात चालू द्यावा. परीक्षक पुण्याचा असला की त्याला तो खटकतो, पण ती इथली बोली आहे, चूक नव्हे. औपचारिक विधानात मात्र प्रमाण रूप वापरायची सवय हवी.

भाषणाची तयारी. शालेय स्पर्धेत साधारण पाच ते सात मिनिटे मिळतात. मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द हा मुलांना झेपणारा वेग धरला तर पाच मिनिटांना पाचशे-साडेपाचशे शब्द पुरतात. पालक आठशे शब्द लिहून देतात आणि मग मूल धापा टाकत शेवट गाठते. पहिली घंटा बहुधा एक मिनिट आधी वाजते. ती वाजली की चालू मुद्दा संपवून समारोपाकडे वळायचे, हे सरावात खरी घंटा वाजवूनच शिकवावे लागते, नाहीतर मूल घंटेकडे वळून पाहते आणि तिथेच अडकते.

पाठांतर हा इथला मुख्य दोष. भाषण आईने किंवा शिक्षकांनी लिहायचे, मुलाने घोकायचे, हातवारेही ठरवून द्यायचे. असे भाषण साखळीसारखे असते. एक कडी निसटली की मूल पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू करते, कारण त्याला मधून शिरताच येत नाही. त्यावर तोडगा असा : पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य तोंडपाठ, मधले सगळे पाच ओळींच्या चिठ्ठीवर, ओळीला तीन-चार शब्द. सरावाला तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करायला सांगावे, मग पाचव्यापासून, मग पहिल्यापासून. उलटसुलट क्रमाने तीन-चारदा बोललेले मूल विसरले तरी पुढच्या मुद्द्यावर उडी मारते आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. भीती जात नाही, तिला वाट करून द्यावी लागते. छातीची धडधड पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असते, म्हणून तेवढाच भाग पाठ असणे पुरेसे. व्यासपीठावर पोचल्यावर लगेच तोंड उघडू नये. एक श्वास सोडून, समोरच्या तीन चेहऱ्यांकडे पाहून मग बोलावे.

माहिती तपासणे हा तयारीचाच भाग. 31 मेच्या अहिल्याबाई जयंतीला होणाऱ्या भाषणांत ‘त्यांनी इंदुरातून राज्य केले’ हे वाक्य हमखास येते. त्यांची राजधानी महेश्वर होती; त्यांनी 1767 ते 1795 या काळात कारभार पाहिला आणि इंदूर राजधानी झाले ते त्यांच्या पश्चात. मुलाने असे एक विधान स्वतः पडताळले की पुढच्या वेळी ते इतरांचे भाषणही सावधपणे ऐकते. प्रत्येक भाषणात किमान एक गोष्ट मुलाने स्वतः शोधलेली असावी : मोहल्ल्यातल्या नळाची वेळ, शाळेच्या वाचनालयातून महिन्यात दिली गेलेली पुस्तके, काहीही. विशेषणांनी भरलेल्या भाषणापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

उत्स्फूर्त भाषणात चिठ्ठी उचलून विषय मिळतो, विचाराला तीन ते पाच मिनिटे आणि बोलायला दोन-तीन. इथे एक साधा आराखडा उपयोगी पडतो : माझे मत, एक कारण, एक प्रसंग, पुन्हा मत. ‘मोबाइल शाप की वरदान’ असे गुळगुळीत विषय देऊ नयेत. मुले ठरीव वाक्ये बोलतात. ‘आमच्या गल्लीत खेळायला जागा कुठे करता येईल?’ असा विषय दिला की मुलाला विचार करावाच लागतो.

ध्वनिक्षेपक वापरायला कोणी शिकवत नाही, आणि निम्मी भाषणे तिथेच बिघडतात. तोंडापासून चार-सहा बोटे अंतर, माइक हनुवटीच्या पातळीवर आणि थोडा बाजूला. समोर धरला तर प, फ, ब, भ यांचे धक्के बसतात. माइकचे तोंड स्पीकरच्या पेटीकडे वळले की शिट्टी वाजते. टिचक्या मारणे, फुंकर मारणे, ‘हॅलो हॅलो’ हे टाळावे. वक्त्याच्या उंच मेजामागे लहान मूल दिसेनासे होते. खाली पाट ठेवावा किंवा मुलाला बाजूला उभे करावे. हे कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पाहायचे असते, मूल मंचावर चढल्यावर नव्हे.

सभा चालवणे. नेतृत्वाचा धडा भाषणातून नव्हे, मुलांनी स्वतः भरवलेल्या सभेतून मिळतो. वीस-पंचवीस मुले आणि दीड तास हे प्रमाण बरे जमते. कामे अशी : अध्यक्ष, सूत्रसंचालक, वेळ पाहणारा, इतिवृत्त लिहिणारा, आणि प्रत्येक वक्त्याला एक मूल्यमापक. पुढच्या सभेत भूमिका बदलायच्या. बदलल्या नाहीत तर तेच बोलके मूल दर वेळी अध्यक्ष होते आणि इतिवृत्त कायम त्याच शांत मुलीकडे जाते. मिश्र गटात मुलींकडे स्वागतगीत व रांगोळी आणि मुलांकडे माइक ही वाटणी नकळत होते. ती मोडायला चिठ्ठ्या टाकणे हाच खात्रीचा मार्ग.

ठराव मांडायला खरा विषय हवा : गणेशोत्सवातल्या मुलांच्या कार्यक्रमाला किती वेळ, वर्गणीतून किती खर्च. सूचक, अनुमोदक, चर्चा, दुरुस्ती, मतदान हा क्रम पाळावा. दुरुस्ती आधी मताला टाकायची, मूळ ठराव नंतर. मुले हे उलटे करतात आणि मग कशाला मत दिले तेच कळत नाही. समसमान मते पडल्यास अध्यक्षाचे निर्णायक मत, हा नियम सभा सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावा. निर्णय झाला की कोण, काय, कधीपर्यंत हे तीन रकाने इतिवृत्तात भरायचे, आणि पुढच्या सभेत त्या-त्या मुलाने दोन मिनिटांत अहवाल द्यायचा. काम झाले नसेल तर ‘झाले नाही, कारण हे’ असे सर्वांसमोर सांगण्याचा सराव इथे होतो. आभार प्रदर्शन एका मिनिटात आटोपावे. पोह्यांचा वास आला की श्रोते तसेही ऐकत नसतात.

मूल्यमापनाची पद्धत टोस्टमास्टर्सकडून (भाषणाचा सराव देणाऱ्या क्लबांची संस्था, स्थापना 1924, कॅलिफोर्निया) घेण्यासारखी आहे : वेळ दाखवणारे हिरवे-पिवळे-लाल दिवे आणि प्रत्येक भाषणानंतर दोन-तीन मिनिटांचा अभिप्राय. अभिप्रायात जमलेल्या दोन गोष्टी व सुधारायची एकच गोष्ट सांगावी, तीही नेमकी. ‘आत्मविश्वास वाढव’ हा अभिप्राय नव्हे. ‘दुसऱ्या मुद्द्यावर कागदाकडे पाहत राहिलास’ हा अभिप्राय. पालक मागच्या रांगेतून ओठ हलवत असतील तर त्यांना बाहेर चहाला पाठवावे.

चौदा-पंधरा वर्षांपुढील मुलांसाठी युवा संसद, म्हणजे मुलांनी संसदेसारखे कामकाज करून पाहणे, हा पुढचा टप्पा. संसदीय कार्य मंत्रालयाने ही योजना 1966-67 मध्ये दिल्लीच्या शाळांतून सुरू केली. प्रश्नोत्तरांच्या तासामुळे आयत्या वेळचे उत्तर द्यायला शिकता येते, पण प्रश्न आणि उत्तरे दोन्ही शिक्षकांनी लिहून दिली तर ते नाटक होते. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या (1969) वर्षाला 120 तासांच्या कामात व सात दिवसांच्या शिबिरात गटप्रमुखपद मिळते. गावात जाऊन अनोळखी लोकांना एखादी गोष्ट पटवावी लागते, आणि तीही बहुधा माळवीमिश्रित हिंदीतून.

परीक्षण. आशय 40, मांडणी 20, भाषा व उच्चार 20, आवाज व देहबोली 20 अशी विभागणी योग्य ठरते. तीन परीक्षकांच्या गुणांची नुसती बेरीज मात्र फसवते. एक परीक्षक 40 ते 90 मध्ये गुण देतो, दुसरे दोघे 70 ते 78 मध्येच. मग निकाल एकट्या पहिल्याच्या हाती जातो. म्हणून प्रत्येकाने आपापले क्रम लावावेत आणि क्रमांकांची बेरीज करावी. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. बरोबरी झाल्यास आशयाचे गुण पाहावेत. निकालाबरोबर प्रत्येक मुलाला त्याची गुणपत्रिका द्यावी. बक्षीस न मिळालेल्यांना पुढच्या तयारीसाठी तीच लागते.