भुलीच्या इंजेक्शनानंतरची द्विदृष्टी

डोळ्याभोवती भूल देऊन मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याची शस्त्रक्रिया केल्यावर एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत राहणे. बोलीत ‘दोन-दोन दिसणे’, डॉक्टरांच्या तोंडी डिप्लोपिया. रुग्णाला वाटते भिंगाचा नंबर चुकला. दोष बऱ्याचदा भिंगात नसतोच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन दिसणे स्वाभाविक आहे. ब्युपिव्हॅकेन या भुलीच्या औषधाने लुळे पडलेले स्नायू ताळ्यावर यायला कित्येक तास लागतात. त्यानंतरही तक्रार राहिली, तर आधी एक डोळा झाकून पाहावा. कोणताही डोळा झाकल्यावर एकच दिसले, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही असे समजावे. एकाच डोळ्याने दोन दिसत असतील, तर सरकलेले भिंग, तिरपा नंबर किंवा भिंगामागे धरलेली जाळी तपासावी लागते.

दिशा बिघडण्याचे महत्त्वाचे कारण म्हणजे स्नायूला झालेली इजा. इंजेक्शन खालच्या पापणीतून, खोबणीच्या कडेने दिले जाते आणि डोळा खाली वळवणारा स्नायू तिथून जवळच असतो. सुई त्यात शिरली किंवा औषध थेट त्याच्यात गेले, तर तंतू मरतात. ही औषधे स्नायूला मुळात विषारीच. सुरुवातीला स्नायू दुबळा असतो, म्हणून डोळा वर राहतो आणि त्याची प्रतिमा खाली दिसते. काही आठवड्यांत व्रण धरून स्नायू आखडतो, डोळा खाली ओढला जातो आणि तीच प्रतिमा वर चढते. स्वारगेटला बसच्या कपाळावरची पाटी वाचायला नजर वर केली, की एका क्रमांकावर दुसरा क्रमांक बसलेला दिसतो. मग माणूस हनुवटी उचलून चालू लागतो. औषध पसरवणारे हायालुरोनिडेज वगळले, तर भुलीचे औषध एकाच जागी साचून धोका वाढतो, असे मानले जाते.

सगळा दोष सुईच्या माथी मारणेही बरोबर नाही. वेल्हे-भोरकडून पुण्याला येणाऱ्या एखाद्या आजोबांचा मोतीबिंदू वर्षानुवर्षे पिकत राहिलेला असतो. तेवढ्या काळात दोन डोळ्यांची चित्रे एकत्र करण्याची मेंदूची सवय मोडू शकते. कधी जुना, झाकलेला तिरळेपणा नजर साफ होताच उघडा पडतो. थायरॉइडचा नेत्रविकार, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) किंवा मज्जातंतूचा लकवाही असाच उशिरा लक्षात येतो. पडदा सरकल्यावर डोळ्याभोवती बसवलेला सिलिकॉनचा पट्टाही स्नायूंना अडवू शकतो.

नुसत्या थेंबांच्या भुलीवर केलेल्या फेकोत, म्हणजे लहान छेदातून केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत, भुलीची सुईच नसते. डोळ्याच्या गोळ्याभोवतीच्या पातळ टेनॉन आवरणाखाली बोथट नळीने दिलेल्या भुलीत स्नायूला टोचण्याची भीती कमी, पण ती अगदीच शून्य नाही.

उपचारांची घाई करत नाहीत. तिरळेपणाचे माप काही महिने स्थिर राहीपर्यंत चष्म्यावर चिकटवायच्या फ्रेनेल प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवून दोन प्रतिमा जुळवणाऱ्या पातळ चकतीने, काम भागवतात. मग आखडलेला स्नायू मागे सरकवून शिवतात; टाका सरकता ठेवला, तर रुग्ण शुद्धीत आल्यावर त्याला समोर बघायला लावून तो थोडा सैल किंवा घट्ट करता येतो.