कृत्रिम हस्तिदंत

हस्तिदंतासारखं दिसावं म्हणून मुद्दाम घडवलेलं कुठलंही मटेरियल म्हणजे कृत्रिम हस्तिदंत. हाड आणि ताग्वा या दक्षिण अमेरिकन पामच्या टणक बिया हे जुने पर्याय, पण खरी चर्चा होते ती सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, चटकन पेट घेणारा) आणि कापूर मिसळून बनवलेल्या प्लास्टिकची.

त्याचा शोध नेमका कोणाचा, यावर वाद आहे. इंग्रज संशोधक अलेक्झांडर पार्क्सने १८६२च्या लंडन प्रदर्शनात 'पार्क्सीन' हे नायट्रोसेल्युलोजचंच प्लास्टिक मांडलं. साधारण त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका बिलियर्ड कंपनीने हस्तिदंताच्या बॉलला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं आणि जॉन वेस्ली हायट त्यामागे लागला, १८७०मध्ये भावासोबत त्याने पेटंट घेतलं. पार्क्सचा सहकारी डॅनिअल स्पिल स्वतःच्या पेटंटच्या आधारे हायटच्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेला, १८८०ला जिंकला, १८८४ला निकाल उलटला, कारण कापराचा वापर पार्क्सने आधीच सांगून ठेवला होता. म्हणून कल्पना पार्क्सची आणि टिकाऊ माल हायटचा, हेच जास्त पटतं. हायटच्या सुरुवातीच्या बॉलवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असायचा, बॉल जोरात आदळले की बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा, आणि कोलोरॅडोतल्या एका सलूनवाल्याने त्याला कळवलं होतं की आवाज झाला की सगळे पिस्तूल उपसतात.

सेल्युलॉइडमुळे हत्ती वाचले असं सर्रास लिहिलं जातं, ते फार ओढून ताणून आहे. पियानोच्या पट्ट्यांसाठी हस्तिदंताची मागणी नंतरही वाढतच गेली. शिवाय सेल्युलॉइडला लागणारा कापूर मुख्यतः तैवानच्या डोंगराळ जंगलातून यायचा, झाडं तोडून, तिथल्या आदिवासींच्या जमिनीत शिरून. १८९९मध्ये जपानी राजवटीने तिथे कापराची मक्तेदारी लावली. पांढऱ्याशुभ्र कंगव्यामागे हेही आहे, आणि म्युझियमच्या लेबलवर ते यायलाच हवं.

ओळखायचं कसं? खऱ्या हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या श्रेगर रेषा दिसतात, बाहेरच्या बाजूला त्यांचा कोन साधारण ११५ अंशांपेक्षा मोठा असतो, मॅमथ या नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या दातात ९०पेक्षा लहान. हाडात बारीक काळपट ठिपके दिसतात. 'फ्रेंच आयव्हरी' नावाने विकलेल्या सेल्युलॉइडमध्ये दोन छटांचे थर दाबून रेषा काढलेल्या असतात, पण त्या सरळ आणि समांतर, कुठेच छेदत नाहीत. बोटाने जोरात घासलं की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघू नये, सेल्युलॉइड भपकन पेटतं. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते, शेजारच्या धातूला गंज चढतो, म्हणून अशा वस्तू संग्रहात वेगळ्या, हवेशीर ठेवतात.