घरगुती बिअर : किण्वनाचे तापमान आणि हॉप्स

जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), पाणी, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारे एका वेलीचे फुलोरे) आणि यीस्ट वापरून लहान प्रमाणात, बहुधा २० लिटरच्या आसपास, केलेली बिअर. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि स्वतःपुरती केलेली बिअरही त्यातून सुटत नाही. सोलापूरसारख्या उष्ण हवामानात या प्रक्रियेचे काय होते, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

किण्वनात, म्हणजे आंबताना, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते, तेव्हा उष्णताही बाहेर पडते. किण्वन ऐन भरात असताना भांड्यातला द्रव खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी गरम असू शकतो. म्हणून भिंतीवरच्या तापमापकावर विसंबून चालत नाही; तो भांड्यालाच चिकटवलेला हवा. एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार; एलच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते, लागरच्या यीस्टला ८ ते १३. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबचे घर रात्रीही निवत नाही. अशा उकाड्यात इडलीचे पीठ जसे भराभर फसफसते, तसेच इथेही होते. काम लवकर उरकते, पण बिअरला केळ्याचा किंवा नेलपॉलिशसारखा वास येतो आणि जड अल्कोहोलांमुळे घशाशी जळजळते. पहिले तीन दिवस सर्वांत नाजूक. शेवटी मात्र थोडी ऊब चांगलीच: लोण्यासारखा वास देणारे डायअॅसिटिल यीस्ट तेव्हा पुन्हा शोषून घेते.

पाण्याच्या टबात भांडे ठेवून त्याला ओला टर्किश टॉवेल गुंडाळायचा आणि पंखा लावायचा, हा सर्वांत स्वस्त उपाय. टॉवेलांच्या या शहरात तो सुचायला वेळ लागू नये. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तो काही अंशांचा फरक पाडतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा जोर ओसरतो. खात्रीचा मार्ग म्हणजे जुना फ्रिज आणि वेगळा तापमान-नियंत्रक. नॉर्वेतले क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चव देते. फ्रिज नसेल तर लागरचा हट्ट सोडून तेच निवडणे शहाणपणाचे.

हॉप ही गांजाच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलोऱ्यात कडवटपणा आणि सुगंध दोन्ही असतात. वेल नीट वाढायला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. भारतात हिमाचलातल्या लाहौलमध्ये तिची लागवड होते. यीस्ट घालण्याआधी माल्टचा गोड द्रव हॉप्ससह उकळतात. उकळीच्या सुरुवातीला घातलेल्या हॉप्समधल्या अल्फा आम्लांचे तासाभरात कडू रूपात रूपांतर होऊन कडवटपणा उतरतो, पण त्यांचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. सुगंधासाठी ते शेवटच्या दहा मिनिटांत किंवा आच बंद करून द्रव ८० अंशांच्या आसपास आल्यावर घालतात.

सोलापुरात गोम इथेच आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी स्वतःच तापलेले असते. द्रवात बुडवलेल्या तांब्याच्या नळीच्या गुंडाळीतून ते पाणी सोडले तर उकळलेला द्रव लवकर निवत नाही. तो गरम राहील तेवढा वेळ रूपांतर चालूच राहते आणि सुगंधासाठी घातलेले हॉप्स कडूपणा वाढवत बसतात. म्हणून काम पहाटे करणे आणि भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवणे बरे.

किण्वन ओसरल्यावर थंड द्रवात हॉप्स भिजवण्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. त्यासाठी दोन-तीन दिवस पुरतात. जास्त ठेवल्यास गवतासारखी चव उतरते. उघडे पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्येच ठेवावे. उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या हॉप्सना शिळ्या चीजसारखा वास येतो.