फ्लॅट्सवरचा नेम आला कुठून

फ्लाय कास्टिंग शिकायला घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, लाईन किती फूट गेली पाहिजे? साठ, ऐंशी, शंभर? समुद्राच्या फ्लॅट्सवर मासे पकडायचे असतील तर हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे असं माझं ठाम मत आहे, पहिला प्रश्न फ्लाय कुठे पडली हा. पण सगळे आधी लांबीच्याच मागे का लागतात हे कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण ही ओढ मासेमारीपेक्षा स्पर्धांमधून जास्त आलीये.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. नेहमीच्या गळाला शिसं असतं, फेकलं की शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते, गोफणीतून दगड सुटावा तसं. फ्लाय म्हणजे पिसं आणि केस बांधलेला हुक, त्याला वजन जवळपास नसतंच, म्हणून वजन लाईनमध्येच ठेवलेलं असतं आणि रॉडने ती लाईन हवेत मागेपुढे उलगडत फेकायची असते. आणि फ्लॅट्स म्हणजे किनाऱ्यालगत मैलोनमैल पसरलेला उथळ भाग, कुठे घोटाभर तर कुठे कमरेएवढं पाणी, तळाला वाळू नाहीतर समुद्री गवत, भरतीबरोबर बोनफिश, परमिट, टार्पन असे मासे तिथे वर येतात. इथे मासा आधी डोळ्याला दिसतो आणि मग कास्ट होतो, सगळी गंमत आणि सगळी अडचण त्यातच आहे.

आता स्पर्धा. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा तिथल्या फ्लाय कास्टिंग क्लबने मोठी खुली स्पर्धा घेतली, आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेत कास्टिंग हा मासे नसलेल्या तळ्यावर खेळायचा स्वतंत्र खेळच झाला. १९३४ मध्ये सेंट लुइसच्या स्पर्धेत ओरेगनचा मार्विन हेज डबल हॉल घेऊन उतरला, म्हणजे रॉडच्या हाताबरोबर दुसऱ्या हातानेही लाईनला झटका द्यायचा, लाईन मागे जाताना एक आणि पुढे येताना एक. लाईनचा वेग एकदम वाढला, लांबीचा विक्रम मोडला आणि सगळे त्याच्या मागे लागले. जोन सॅल्व्हाटो, ज्यांना पुढे जोन वुल्फ म्हणून जग ओळखायला लागलं, त्यांनी १९५१ साली लांबीच्या स्पर्धेत सगळ्या पुरुषांना हरवलं आणि १९६० साली १६१ फूट कास्ट केला. हे आकडे आजही सांगितले जातात आणि ते सांगितले जावेत अशाच लायकीचे आहेत, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यातून एवढंच बसतं की लांब म्हणजे भारी.

अचूकतेच्या स्पर्धा नव्हत्या असं नाही हं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३८ साली, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून, खास कास्टिंगसाठी तलाव बांधले, ते अजून आहेत. अचूकतेच्या खेळात पाण्यावर ३० इंच व्यासाच्या रिंगा तरंगत असतात, वेगवेगळ्या अंतरावर, आणि फ्लाय रिंगच्या बाहेर जितकी लांब पडेल तितके गुण कापले जातात. त्यात मुरलेल्या माणसाचा कास्ट बघण्यासारखा असतो, रॉड चेहऱ्यासमोर अगदी उभ्या रेषेत, हात नजरेच्या जवळ, फ्लाय रिंगच्या बरोबर वर हवेत मागेपुढे होत राहते, तो बोटांतून थोडी लाईन सोडतो, जास्त झाली तर परत ओढून घेतो, आणि अंतर जुळलं की फ्लाय अलगद खाली ठेवून देतो.

आता हेच फ्लॅट्सवर करून बघा. रिंग जागची हलत नाही, बोनफिश सतत चालत असतो. रिंगेला सावली दिसत नाही, बोनफिशच्या अंगावरून हवेतल्या लाईनची सावली गेली की तो क्षणात खोल पाण्याकडे पळालेला असतो. म्हणजे अंतर मोजायची जी सगळ्यात भरवशाची पद्धत स्पर्धेवाल्यांनी बसवली होती तीच इथे मासा पळवते. त्यामुळे फ्लॅट्सवाल्यांना नेमाचं तंत्र बऱ्यापैकी स्वतःचं स्वतःच शोधावं लागलं आणि ते शोधलं मुख्यतः गाईड लोकांनी.

जागा होती फ्लोरिडा कीज, म्हणजे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाची बेटांची रांग. विसाच्या दशकात लाँग की इथल्या कॅम्पवर एखाददुसरा बोनफिश चुकून फ्लायला लागल्याच्या गोष्टी आहेत, पण १९३५ च्या चक्रीवादळात तो कॅम्पही गेला आणि कीजला जोडणारी रेल्वेही गेली. रेल्वेच्या त्याच मार्गावरून, तिचेच पूल वापरून, १९३८ साली मोटारीचा रस्ता सुरू झाला, मायामीवरून माणूस गाडीने थेट येऊ लागला आणि इस्लामोराडा या छोट्या गावात गाईडचा धंदा उभा राहिला. १९३९ साली तिथले कॅप्टन बिल स्मिथ यांनी ठरवून, बोनफिशसाठीच फ्लाय टाकून बोनफिश काढला, हा पहिला मानला जातो. त्यांची बायको बॉनी आणि तिच्या दोन बहिणी, फ्रँकी आणि ब्यूला, तिघीही गाईड होत्या! त्या काळात, उन्हात दिवसभर काठीने होडी ढकलत, पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला मासा दाखवायचा. या तिघींचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. फ्रँकीचे पती जिमी ऑलब्राइट यांच्याबरोबर १९४७ साली जो ब्रुक्स हे लेखक बोनफिशवर गेले, फ्लायवर मासे मिळाले, त्यांनी ते लिहिलं आणि तिथून हा प्रकार देशभर पोचला.

त्याच वर्षी त्याच जो ब्रुक्सनी मेरीलँडमधल्या एका तरुणाला कास्टिंगचा पहिला धडा दिला. हा तरुण दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला बर्नार्ड क्रे, सगळे त्याला लेफ्टी म्हणायचे. धडा होता घड्याळाच्या पद्धतीचा, रॉड दहा ते दोनच्या मध्येच हलवायचा, कोपर अंगाला चिकटलेलं. छोट्या नदीवर, मऊ बांबूच्या रॉडने, तीस फुटांवर ट्राउट पकडायला हे चालून जातं, पण समुद्रावर दिवसभर वारा, फ्लाय मोठी, रॉड जड, तिथे एवढ्याशा हालचालीत लाईनमध्ये जोरच येत नाही, मग माणूस मनगटाने रेटतो आणि नेमाची वाट लागते. क्रे यांनी रॉड बराच मागे न्यायला सुरुवात केली, हात आडवा, खाली, सगळं अंग हलवून. ६४ साली ते मायामीला मासेमारीच्या एका मोठ्या स्पर्धेचं काम बघायला गेले आणि ही पद्धत खाऱ्या पाण्यावर चांगलीच घासूनपुसून निघाली.

नेमाच्या दृष्टीने त्यांच्या शिकवण्यातलं सगळ्यात मोलाचं काय, तर रॉडचं टोक ज्या दिशेला वेग घेऊन थांबतं लाईन त्याच दिशेला जाते. म्हणजे नेम पुढच्या कास्टमध्ये धरायचा नसतोच, मागचा कास्ट माशाच्या बरोब्बर उलट दिशेला गेला आणि टोक त्याच सरळ रेषेत पुढे आलं तर पुढचं आपोआप जुळतं. मागे जाताना टोक अंगामागे वळलं तर पुढे येताना ते वाकडंच येणार आणि फ्लाय बाजूला जाऊन पडणार, आणि बहुतेक नवखे तेव्हा पुढच्या हाताला दोष देत बसतात. हा दोष बघायचा सोपा उपाय म्हणजे मान वळवून मागचा कास्ट बघणं, किंवा कुणाला तरी मोबाईलवर मागून व्हिडिओ काढायला सांगणं.

सामानाने मदत केली, ते पटकन सांगतो. रेशमी लाईनच्या जागी पन्नासच्या दशकात प्लास्टिकचा थर दिलेल्या लाईन आल्या, ६१ साली लाईनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ठरवून नंबर दिले, आठ नंबर म्हणजे २१० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), त्यामुळे रॉड आणि लाईनची जोडी अंदाजाने लावायची गरज उरली नाही. ७३ पासून ग्राफाइटचे रॉड आले, हलके आणि कडक. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी मारली. आणि सत्तरच्या दशकात होडीच्या मागे, मोटरच्या वर, गाईडला उभं राहायला उंच प्लॅटफॉर्म आला, याचं श्रेय बिस्केन बेचे गाईड बिल कर्टिस यांना दिलं जातं. माझ्या मते रॉडपेक्षा या प्लॅटफॉर्मनेच नेम जास्त सुधारला, कारण गाईडला मासा लवकर दिसायला लागला आणि तुम्हाला चार-पाच सेकंद जास्त मिळाली.

त्या सेकंदांत होतं काय ते बघा. दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची, होडीचं नाक म्हणजे बारा. वरून आवाज येतो, अकरा वाजता, पन्नास फूट, डावीकडून उजवीकडे चाललाय. तुम्ही रॉड त्या दिशेला दाखवता, गाईड म्हणतो अजून डावीकडे, थांब, तिथेच. फ्लाय तुमच्या बोटांत धरलेली, थोडी लाईन आधीच टोकाबाहेर, बाकीची पायाशी मोकळी. एक कास्ट मागे, फार तर दोन, तेही माशापासून जरा बाजूला, आणि मग माशाच्या वाटेत पुढे टाकायची. किती पुढे ते पाण्यावर अवलंबून, शांत उथळ पाण्यात जास्त, वाऱ्याने लाटा असतील तर कमी. म्हणजे इथे नेम जिथे मासा आहे तिथला नसतो, दोन सेकंदांनी तो जिथे असेल तिथला असतो.

परमिटने हे अजून अवघड केलं. बराच काळ फ्लायवर परमिट म्हणजे नशीबच, मग ऐंशीच्या दशकात डेल ब्राउन यांची खेकड्यासारखी, शिशाचे डोळे लावलेली फ्लाय आली आणि त्यांनी आयुष्यात ५१३ परमिट काढले. पण शिसं लावल्यावर फ्लाय हवेत झटके देते, लाईनची घडी, म्हणजे हवेत उलगडताना तिला येणारं वळण, फार अरुंद ठेवली तर ती रॉडवर नाहीतर तुमच्याच डोक्यावर येते, म्हणून घडी मुद्दाम मोठी उघडून, जरा सावकाश कास्ट करावा लागतो आणि तरीही फ्लाय माशाच्या अगदी जवळ पडायला हवी.

१९९२ पासून अमेरिकेतल्या फ्लाय फिशर्सच्या फेडरेशनने कास्टिंग शिकवणाऱ्यांना परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली, त्यामुळे स्पर्धेवाल्यांचं ज्ञान आणि गाईडांचं ज्ञान एका टेबलावर आलं. आपल्याकडच्या कुणाला यात रस असेल तर हेही सांगतो, मॉरिशसचा सेंट ब्रँडन हा प्रवाळी पट्टा बोनफिशसाठी नावाजलेला आहे, आणि मॉरिशसला पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं आहेतच. सरावाला समुद्र लागतच नाही. मोकळं मैदान, हुक तोडलेली फ्लाय, वेगवेगळ्या अंतरावर पाच-सहा ताटल्या, आणि एक मित्र जो घड्याळाचा आकडा ओरडेल. आकडा ऐकल्यापासून ताटलीपर्यंत दोनच कास्टमध्ये पोचायचं, वाऱ्याकडे तोंड करून, वाऱ्याकडे पाठ करून आणि वारा रॉडच्या हाताच्या बाजूने येत असतानाही.